दोरीवर 22 नग

नमस्कार श्रोतेहो.

काल संध्याकाळी कामावरून घरी गेलो आणि चपला काढायच्या आधी गॅलरीतल्या दोरीवरचे नग मोजले. 22 भरले. लंगोट चौदा, दुपटी पाच, झबली दोन आणि एक टोपडं. त्यातलं वाळलेलं एकही नाही. सांगलीच्या पावसात ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात मूल झालं तर पत्रिका नंतर बघावी, आधी दोऱ्या बांधाव्यात.

माझा धाकटा पाच आठवड्यांचा आहे. थोरली अडीच वर्षांची. अडीच वर्षांच्या पोरीला थोरली म्हणताना माझीच जीभ अडखळते. मी पोस्टात आहे. आमच्या खात्यात बढतीसाठी परीक्षा द्यावी लागते, पुस्तकं पाठ करावी लागतात. हिला एका रात्रीत बढती मिळाली, तीही झोपेत. रात्री झोपली तेव्हा घरातलं बाळ होती, सकाळी उठली तर ताई.

दोन मुलांचा बाप म्हटल्यावर लोकांना वाटतं, याला सगळं येत असणार. खरं सांगू? थोरलीच्या वेळी मला काहीच यावं लागलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. बायको तिकडे गडहिंग्लजला, मी इकडे. शनिवारी दुपारी एसटीने जायचं, रविवारी संध्याकाळी परत. सासूबाई न्हाऊ-माखू घातलेली, पावडर लावलेली, झोपलेली पोर माझ्या हातात द्यायच्या. ती रडायला लागली की घ्यायला चार हात पुढे. मी लाडू खाऊन परत. तीन महिन्यांनी आयती मान धरलेली मुलगी घरी आली. या वेळी सगळं आमच्याच घरात, दोन खोल्यांत. बाळाची नाळ कशी असते, ती वाळून कशी पडते, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं ते दुसऱ्या मुलाच्या वेळी.

केंद्र सरकारच्या नोकरीत पहिल्या दोन मुलांपर्यंत बापाला 15 दिवसांची रजा मिळते. ती मी घेतली. शेजारच्या काउंटरवरचे म्हणाले, "का रे, बाळंतपण तुझं आहे का?" माझा भाऊ कुपवाडच्या एमआयडीसीत आहे. त्याला त्याच्या वेळी दोन दिवस मिळाले होते, तेही साहेबाची मर्जी म्हणून, कारण खासगी नोकरीत बापाच्या रजेचा कायदाच नाही. तेव्हा मी नशीबवानच. पण त्या पंधरातले तीन दिवस दवाखान्यात गेले, बाराव्या दिवशी बारसं, आणि मधले सगळे आल्यागेल्यांच्या चहात.

गावाहून आई आली आहे. सकाळची आंघोळ तिच्या अखत्यारीत. पाय लांब करून बसते, बाळ पायांवर पालथं, तेल, डाळीचं पीठ, कडकडीत वाटावं असं पाणी. आईच्या आणि डॉक्टरांच्या मध्ये मी पोस्टमन. डॉक्टर म्हणतात, सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही नको, गुटी नको, डोळ्यांत काजळ नको, कानात-नाकात तेल नको, धुरी तर नकोच. हे सगळं घरी येऊन आईच्या कानावर घालायचं काम माझं. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आरं, तुला ह्यातलं काय दिलं न्हाई व्हय मी?" शेवटी तडजोड झाली. काजळ डोळ्यांत न जाता गालावर तीट म्हणून गेलं. आणि ओवा-वावडिंगाची धुरी बाळाला न देता लंगोटांना द्यायची ठरली. आता रोज गॅलरीत निखाऱ्यांवर बांबूची बुट्टी उपडी घालून तिच्यावर आई ओले लंगोट पसरते. माझ्या नव्या पिढीच्या हट्टापायी कपडे तेवढे वाळतात आणि माझ्या शर्टांनाही ओव्याचा वास येतो.

लंगोट मोजण्याची सवय मला डॉक्टरांनीच लावली. दूध पुरतंय का, हे कसं कळणार, असं विचारलं तेव्हा म्हणाले, पहिला आठवडा सरला की दिवसाला निदान सहा लंगोट ओले झाले पाहिजेत. आमचा धाकटा सहा तर सकाळी नऊलाच पुरे करतो.

रात्रीची वाटणी अशी. पाजणं बायकोकडे, कारण त्यात मला सरकारसुद्धा रजा देऊ शकत नाही. पाजून झालं की बाळ माझ्या खांद्यावर. ढेकर काढायचा, लंगोट बदलायचा, थोपटायचं. दर दोन-अडीच तासांनी. या वेळात थोरली माझ्या अंथरुणात आडवी झालेली असते. मी उठलो की तिला झोपेतही कळतं. "बाबा, कुठे?" एवढंच विचारते. मग एका हाताने खांद्यावरच्याला थोपटायचं आणि पायाच्या अंगठ्याने हिची पाठ खाजवायची.

मला आज सांगायचंय ते खरं तर या थोरलीबद्दल. दुसरं बाळ झालं की बायकोच्या वाट्याला दुसरं येतं, आणि बापाच्या वाट्याला पहिलं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तान्ह्याची तयारी करून बसलो होतो आणि काम निघालं भलतंच.

ती सू सांगायला लागून सहा महिने झाले होते. बाळ घरी आल्यापासून सांगणं बंद. बोबडं बोलणं विसरली होती, ते परत आलं. एकदा पाळण्यात चढून बसली आणि म्हणाली, "झोका दे." एकदा पिशवी आणून माझ्यापुढे ठेवली, "बाळ दवाखान्यात देऊन ये." आणि येणारी माणसं! एक बाई हसत हसत म्हणाल्या, "आता तुझे लाड संपले गं!" दुसरे एक काका म्हणाले, "बाळ आम्ही घेऊन जाऊ का?" तिनं ताबडतोब दुपटं आणून दिलं आणि त्यांच्या चपलाही दारात सरळ करून ठेवल्या. सगळे हसले. ती हसत नव्हती. श्रोतेहो, बाळ बघायला जाताना ही दोन वाक्यं घरी ठेवून जा, बाळंतविडा नसला तरी चालेल.

संध्याकाळी मी तिला घेऊन आयर्विन पुलाकडे जातो. पावसाळ्यात सांगलीकराचे पाय आपोआप तिकडे वळतात, कृष्णेचं पाणी किती चढलं ते बघायला. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. कठड्याशी उभी असलेली माणसं एकमेकांना नमस्कार न घालता "किती फूट?" विचारतात. ते हिनं उचललं. घरी येऊन पाळण्यात डोकावून विचारते, "बाळ किती फूट?" वीस इंच, म्हणजे पावणेदोन फुटांना थोडं कमी. अजून इशाऱ्याच्या बरंच खाली, असं मी सांगतो. तिला ते पटतं.

रात्री गोष्ट चिऊ-काऊचीच लागते. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं, पाऊस आला, काऊचं घर वाहून गेलं. काऊ येतो, चिऊताई, चिऊताई, दार उघड. थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते. थांब, माझ्या बाळाला तीट लावते. थांब, माझ्या बाळाला झोपवते. ही गोष्ट मी माझ्या आजीकडून ऐकली, शंभर वेळा सांगितली, आणि नेहमी चिऊच्या घरात बसून सांगितली. दहा-बारा दिवसांपूर्वी मधेच थोरलीनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "बाबा, काऊ भिजला ना?"

मी गप्प बसलो. कारण दिवसभर आमच्या घरात काय चाललेलं असतं? थांब, बाळाला पाजतेय. थांब, बाळ झोपलंय. थांब, हात धुऊन येतो. हे सगळे थांब एकाच पत्त्यावर जात होते.

दुसऱ्या दिवसापासून मी एक केलं. धाकटा रडायला लागला की दिवसातून एकदा तरी त्याला मोठ्यानं सांगतो, "थांब रे, ताईची वेणी घालतोय." त्याला काय कळतंय? तो रडतच राहतो, अर्धं मिनिट. आईला हे अजिबात आवडत नाही. पण थोरली मान ताठ करून बसते आणि वेणी मुद्दाम सावकाश घालून घेते.

काल रात्री परत तीच गोष्ट, बाहेर तोच पाऊस. काऊ दाराशी आला, तशी ती म्हणाली, "बाबा, त्याला टॉवेल दे." म्हटलं, बाळाचे सगळे ओले आहेत गं. "माझा दे." उठली, खुर्चीवरचा स्वतःचा टॉवेल ओढत गॅलरीत गेली आणि कठड्यावर टाकून आली. मग लगेच झोपली.

सकाळी टॉवेल चिंब. पिळला आणि दोरीवर टाकला. आता 23.