एक चौकट, तीन खंडांचं रक्त

नमस्कार, श्रोतेहो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या एका दवाखान्यात ५५ वर्षांच्या बाई बसल्या आहेत, असं समजू. मूळच्या डॉमिनिकन रिपब्लिकच्या, रंगाने सावळ्या, घरी स्पॅनिश बोलणाऱ्या. डॉक्टर संगणकात त्यांचं वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेह, धूम्रपान असं एकेक भरताहेत. पुढच्या १० वर्षांत हार्ट अटॅक किंवा पक्षाघाताची शक्यता किती, ते त्यातून निघणार. साडेसात टक्क्यांच्या वर गेलं, की स्टॅटिनच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीचा विषय निघतो.

मध्येच प्रश्न येतो: वंश कोणता? गोरा, कृष्णवर्णीय की इतर? बाकी सगळं तेच ठेवून नुसतं हे उत्तर बदललं तरी आकडा बदलतो. ‘इतर’ म्हणाल, तर गोऱ्यांचंच गणित लागतं. २०१३ सालचं हे सूत्र अमेरिकेत वर्षानुवर्षं वापरलं गेलं.

या बाईंसारख्या, स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत मूळ असलेल्या लोकांना अमेरिकेत ‘हिस्पॅनिक’ म्हणतात. आता ‘हिस्पॅनिक’ हा काही वंश नव्हे. या लोकांच्या रक्तात युरोप, आफ्रिका आणि अमेरिकेचे मूळ रहिवासी, तिघांचाही वाटा असतो, पण प्रत्येकात निराळा. मेक्सिकन घराण्यांत मूळ रहिवाशांचा जास्त, डॉमिनिकन लोकांत आफ्रिकेचा जास्त. सूत्र करणाऱ्यांनीच बजावलं होतं, की प्वेर्तो रिकन माणसाचा धोका यात कमी दिसू शकतो आणि मेक्सिकन माणसाचा जास्त. म्हणजे एकाची गोळी राहून जाते, दुसऱ्याला विनाकारण सुरू होते. ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन डिएगो इथल्या १६ हजारांहून अधिक हिस्पॅनिक प्रौढांचा मोठा अभ्यास २००८मध्ये सुरू झाला. अशा लोकांची जनुकं तपासून कोणत्या खंडाचा किती वाटा ते मोजता येतं, हे मला मोलाचं वाटतं. पण रात्रपाळी, विमा नसणं, परवडेल तेच खाणं, हे जनुकांत लिहिलेलं नसतं. शिवाय जनुकांवरून धोका सांगणारे आकडे बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवरून बेतलेत; इतरांना ते तितके लागू पडत नाहीत.

२०२३मध्ये आलेल्या नव्या सूत्रातून वंशाचा रकानाच गेला. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते धरलं जातं, हवं तर राहत्या वस्तीची परिस्थितीही. मला हे योग्य वाटतं.

आपल्यापैकी अनेकांची मुलंबाळं न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात आहेत. जुन्या सूत्रात दक्षिण आशियाई माणसाचाही धोका कमी दिसू शकतो. त्यांना आज फोन कराल, तेव्हा आजोबांना पहिला अटॅक कितव्या वर्षी आला होता ते सांगा, आणि ते डॉक्टरांच्या कानावर घालायलाही सांगा. नमस्कार.