ऊब असते ती मातीत

मंडळी, थंडी आली की भाजीच्या वाफ्यावर कापड टाकायचं, एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. तरीही सकाळी टोमॅटोची पानं काळी पडून लोंबताना दिसतात आणि कापडाच्या नावाने बोटं मोडली जातात. बहुतेक वेळा कापड निर्दोष असतं.

गोधडी स्वतः गरम नसते, ऊब आपल्या अंगाची असते. टोमॅटोच्या अंगात कसली आलीय ऊब! त्याला आधार पायाखालच्या मातीचा. ती दिवसभर उन्हात तापते आणि रात्री ती उष्णता आकाशाकडे निघून जाते. आभाळ भरलेलं असेल तर ढग त्यातली बरीच खाली परतवतात. वारा असेल तर वरची उबदार हवा खाली मिसळत राहते. निरभ्र, निवांत, चांदण्यांची रात्र कवींना लखलाभ. भाजीला तीच घातक. अशा रात्री पान भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं. दीड मीटर उंचीवरचा तापमापक ३ अंश दाखवत असतो आणि खाली पानावर पांढरं हिम धरलेलं असतं. म्हणून अंदाजात ४ अंश ऐकले की मी कापडाची तयारी करतो.

पुष्कळ जण रोपावर चादर टाकतात आणि बुंध्याशी सुतळीने आवळून बांधतात. दिसतं मोठं नीटनेटकं, पण मातीची ऊब चादरीच्या बाहेरच राहते! कापड जमिनीपर्यंत यायला हवं आणि काठ चारही बाजूंनी मातीने किंवा विटांनी दाबायला हवेत. तेही ऊन कलताना. जेवणं आटोपून बॅटरी घेऊन निघालात, तर तोवर मातीने बरीच पुंजी उधळलेली असते.

कोरड्या, भुसभुशीत मातीत हवा फार, त्यामुळे उष्णता साठते कमी आणि खालून वर येते हळू. ओली माती जास्त साठवते. म्हणून थंडीचा इशारा मिळाला की त्या दिवशी सकाळीच पाणी द्यावं. पाचोळ्याचा जाड थर मात्र दुधारी. तो दिवसा ऊन मातीपर्यंत पोचू देत नाही आणि रात्री उष्णता वर येऊ देत नाही. जमिनीतल्या गाजरांना उत्तम, पण मिरचीच्या वाफ्यातून तो बाजूला सारलेला बरा.

कापड म्हणजे नॉनवोव्हन क्रॉप कव्हर, म्हणजे न विणता तंतू एकमेकांना चिकटवून केलेलं, पिकावर घालायचं हलकं कापड. चौरस मीटरला १७ ग्रॅमचं असेल तर साधारण ८५ टक्के उजेड आत येतो आणि एक-दोन अंशांचा बचाव होतो. ५० ग्रॅमचं तीन-चार अंश सांभाळतं, पण उजेड जवळपास निम्मा खातं. ते दिवसेंदिवस अंथरून ठेवायचं नाही. साध्या प्लॅस्टिकमधून मातीची उष्णता सहज निसटते, शिवाय जिथे पान त्याला टेकतं तिथे करपतं. प्लॅस्टिकच वापरायचं तर खाली कमानी हव्यातच. आणि ऊन चढलं की ते उघडा, नाहीतर थंडीतून वाचलेलं रोप दुपारी उकडून जाईल. एकोणिसाव्या शतकात पॅरिसभोवतालचे भाजीवाले रोपांवर काचेच्या घंटा पालथ्या घालत. ऊन पडलं की हवेसाठी एकेक घंटा लाकडी टेकू देऊन उचलून ठेवायची. केवढा खटाटोप!

सगळंच झाकत बसू नका. काकडी, घेवडा, वांगी, मिरची, टोमॅटो शून्याच्या आसपास मान टाकतात. कोबी, पालक, गाजर हळूहळू थंडीला सरावतात, पेशींत साखर साठवतात आणि जास्त गोड लागतात. पण उबदार आठवड्यानंतर पारा एकदम घसरला, तर न सरावलेल्या कोबीलाही कापड द्या.

थंडी एक-दोन रात्रींची असेल आणि पुढे ऊन असेल, तर टोमॅटो झाकण्याचे कष्ट वाया जात नाहीत. ती मुक्कामालाच आली असेल, तर पूर्ण वाढलेले हिरवे टोमॅटो तोडा आणि घरात पिकायला ठेवा. उरलेलं कापड पालकावर घाला.