नारळाचं दूध फुटू द्या

नमस्कार श्रोतेहो.

ओल्या नारळाचं दूध काढणं मुंबईतल्या मराठी घराला कुणी शिकवायला नको. सोलकढीला ते लागतं, माशांच्या कालवणाला लागतं. आणि त्यासोबतची ताकीदही पाठ असते: जाड दूध शेवटी घाल, खळखळून उकळू देऊ नकोस, फुटेल! आज मी तुम्हाला थाई ग्रीन करी घरी करायला सांगणार आहे, आणि तिच्यासाठी हे दूध आपण मुद्दाम फोडणार आहोत.

आधी बाजार. क्रॉफर्ड मार्केटात थाई भाज्या, मसाले मिळतात, पण तिथवर जायलाच हवं असं नाही. गवती चहा आपण पावसाळ्यात चहात घालतो, तोच इथे लागतो. फक्त भाजीवालीला सांगा, ‘मावशी, नुसती पात नको, बुंध्यासकट द्या.’ करीला लागतो तो खालचा पांढरट, कोवळा भाग. कोथिंबिरीची मुळं आपण चिरताना टाकून देतो. ती टाकू नका, स्वच्छ धुऊन घ्या. थाई वाटणाचा वास निम्मा तिथेच आहे. आल्याच्या जागी थाई लोक ओलं कुलिंजन वापरतात. गाणारी माणसं घशासाठी सुकं कोष्टकोळिंजन तोंडात धरतात ना, तेच हे. ओलं मिळालं नाही तर आलं घ्या, पण थोडंच.

वाटणात कोळंबीचा खारवलेला, आंबवलेला गोळा असतो. तो नसेल तर आपला सुका जवळा कोरडा भाजून, कुटून चमचाभर घाला. चव हुबेहूब येणार नाही, पण समुद्राचा वास येईल, आणि तो यायलाच हवा. घरी कुणी शाकाहारी असेल तर हे वगळा. विकतचं तयार वाटण आणलंत तर पाकीट नीट वाचा, बहुतेकदा त्यात कोळंबी असते.

चार माणसांसाठी पाच-सहा हिरव्या मिरच्या, सहा लसूण पाकळ्या, सांबाराचे चार-पाच छोटे कांदे, गवती चहाचे दोन बुंधे, इंचभर कुलिंजन, मूठभर कोथिंबिरीची मुळं-देठं, चमचाभर भाजलेले धणे, अर्धा चमचा जिरं, थोडी पांढरी मिरी आणि लिंबाची किसलेली हिरवी साल. खलबत्ता असेल तर उत्तम: आधी मीठ आणि कोरडे जिन्नस, मग चिवट गवती चहा, ओलं सगळ्यात शेवटी. मुलं जेवणार असतील तर मिरच्यांच्या बिया काढा. हळद नको, गरम मसाला नको, वरून फोडणी तर अजिबात नको.

आता दूध. मोठा नारळ खवून कोमट पाण्यात वाटा आणि पिळा. पहिलं जाड दूध वेगळं, दुसरं पातळ वेगळं. पसरट कढईत फक्त जाड दूध मध्यम आचेवर ठेवा. आधी ते उकळतं, मग आटतं, कडेला बारीक बुडबुडे येतात. ढवळत राहा, घाई करू नका. पाच-सात मिनिटांत पृष्ठभाग खडबडीत दिसायला लागतो आणि मधूनमधून तेलाचे चमकते थेंब सुटतात. आवाजही बदलतो, खळखळ जाऊन चरचर येते. हाच तो क्षण! वाटण त्या तेलात घाला आणि वास घरभर जाईपर्यंत परता. पाकिटातलं दूध असेल तर ते सहसा फुटत नाही, ते फुटू नये म्हणून त्यात काही घातलेलं असतं. तेव्हा सरळ चमचाभर तेल घ्या.

मग चिकन किंवा वांग्याच्या फोडी, वर पातळ दूध, आणि मंद आच. कोळंबी असेल तर ती अगदी शेवटी, दोन-तीन मिनिटांपुरती. खारटपणासाठी फिश सॉस. तो आपल्या मांदेलीच्या कुळातल्या बारीक माशांचा, मिठात महिनोन्‌महिने मुरवलेला. शाकाहाऱ्यांसाठी मीठ आणि थोडा सोया सॉस. चिमूटभर गूळ, ताडाचा मिळाला तर फारच छान. लिंबाची दोन कोवळी पानं चुरगाळून टाका, रस मात्र पिळू नका.

उतरवताना थाई बेझिल लागते. तिच्या जागी तुळस घालू नका, तिचा उग्रपणा वेगळा. फालुद्यातला सब्जा माहीत आहे ना? त्याचं रोप आणि थाई बेझिल एकाच जातीची भावंडं. खिडकीतल्या कुंडीत मूठभर सब्जा पेरून बघा, चांगलं ऊन मिळालं तर पानं घरचीच होतील.

सोबत आंबेमोहोराचा मऊ भात वाढा. उरलेली करी मुंबईच्या हवेत ओट्यावर ठेवू नका, नारळ लवकर आंबतो. वाटण उरलं तर बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीजरला टाका. पुढच्या वेळी दोन वड्या काढल्या की सरळ दुधापासून सुरुवात.

नमस्कार.