मिठाविना टिकवलेले अन्न : रेक्याविकमधली एक खाद्यफेरी

श्रोतेहो, नमस्कार.

आइसलँडची राजधानी रेक्याविक हे पायी पाहण्याचे शहर आहे. वाटाड्याबरोबर तीन-चार तास हिंडायचे, पाच-सहा ठिकाणी थांबायचे आणि प्रत्येक ठिकाणी दोन-चार घास खायचे, अशा खाद्यफेऱ्या तिथे नेहमीच्या झाल्या आहेत. फेरीची सुरुवात अनेकदा बंदरालगतच्या हार्पा या काचेच्या संगीतगृहापाशी होते आणि पहिल्या पावलापासून अंगावर येतो तो वारा. या वाऱ्याकडे लक्ष असू द्यावे, कारण पुढे ताटात येणाऱ्या निम्म्या गोष्टी त्यानेच घडवल्या आहेत.

नवव्या शतकाच्या अखेरीस नॉर्वेकडून आलेल्या लोकांनी या बेटावर वस्ती केली आणि पुढच्या काही शतकांत तिथली बर्चची झाडी जवळजवळ संपली. मिठागरात समुद्राचे पाणी आटवावे तर तेवढे ऊन नाही आणि ते उकळून मीठ काढावे तर सरपण नाही. बाहेरून मीठ आणावे, तर 1602 ते 1787 या काळात सगळा व्यापार डेन्मार्कच्या राजाने नेमून दिलेल्या मक्तेदारांच्या हातात होता. भोवती अथांग खारे पाणी असूनही मीठ दुर्मीळ, अशी ती परिस्थिती होती. त्यामुळे मासे आणि मांस लांब हिवाळ्यासाठी टिकवायला वारा, धूर आणि दह्यासारख्या पदार्थातून गळणारी आंबट निवळी या तीन गोष्टींवरच मुख्यतः भिस्त ठेवावी लागली.

वाऱ्याचा पदार्थ म्हणजे हार्द्फिस्कुर. कॉड, हॅडॉक किंवा तत्सम मासा उघड्या मांडवात टांगून कडक होईपर्यंत सुकवायचा, पूर्वी तो दगडावर ठेवून हातोड्याने ठोकायचा आणि मग सोलून लोणी लावून चघळायचा. आपल्या किनाऱ्यावर बोंबील वाळतात त्याची आठवण येते, पण तिथे काम करतो तो उन्हापेक्षा थंड वारा. शिवाय हा मासा शिजवायचा नसतो. धान्य आयात करावे लागत असल्याने पुष्कळ घरांत भाकरीची जागा या लोणी लावलेल्या सुक्या माशानेच भरून काढली होती. 1903 पर्यंत आइसलँडच्या राजचिन्हावर मुकुट घातलेला सुका कॉड होता, हे कळल्यावर हातातला तो तुकडा जरा आदराने चावला जातो.

स्कीर हा पदार्थ आज दह्याच्या डब्यांच्या रांगेत जगभर दिसतो, पण तांत्रिकदृष्ट्या ते एक मऊ चीज आहे. साय काढलेले दूध तापवून, कोमट झाल्यावर आधीच्या स्कीरचे विरजण आणि दूध घट्ट करणारे थोडे रेनेट घालून ते लावतात आणि मग कापडातून गाळतात. आपल्या चक्क्याशी त्याचे नाते लगेच ओळखू येते. चक्क्याची निवळी आपण बहुधा ओतून देतो. आइसलँडमध्ये मात्र तीच मोलाची होती, कारण ती पिंपात साठवून, अधिक आंबू देऊन, तिच्यात मांस, रक्ताचे सॉसेज, अगदी मेंढ्याचे वृषणसुद्धा महिनोन्महिने बुडवून ठेवत. मिठाचे काम इथे आंबटपणा करी.

झाडी संपल्यावर धुरासाठीही लाकूड पुरेना, म्हणून मेंढ्यांच्या वाळलेल्या शेणाचा धूर देण्याची रीत रुजली. त्या धुरातले मांस, म्हणजे हांगिक्योत, पातळ काप करून राय (rye) या धान्याच्या चपट्या भाकरीवर देतात. फेरीतला हा घास मला सर्वांत खरा वाटतो. तो आजही तिथल्या घराघरांत नाताळच्या जेवणात असतो.

जमिनीच्या उबेचीही एक देणगी आहे. रायचे गडद, गोडसर पीठ डब्यात बंद करून गरम झऱ्यांजवळच्या जमिनीत पुरतात आणि सुमारे 24 तासांनी तयार पाव उकरून काढतात. या पावाने पोटात जे गडगडते त्यावरून त्याला थट्टेने मेघगर्जनेचा पाव म्हणतात. हाल्ग्रीम्सकिर्क्या या 74.5 मीटर उंच चर्चसमोरच्या एका उपाहारगृहात त्याचे आइस्क्रीमही मिळते.

बंदराजवळच्या बायारिन्स बेस्तु पिल्सुर या 1937 पासून चालणाऱ्या टपरीपाशी रांग असते. इथल्या हॉटडॉगमध्ये कोकराचे मांस जास्त असते. ‘सगळे घालून एक’ असे सांगितले की कच्चा कांदा, तळलेला कुरकुरीत कांदा, केचप, गोडसर मोहरीचे सॉस आणि रेमोलाड हे मेयोनीजसारखे सॉस, हे सारे मिळते. अमेरिकेचे माजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी 2004 मध्ये इथे फक्त मोहरी लावून खाल्ला, ही गोष्ट वाटाडे हटकून सांगतात.

आणि शेवटी शार्क, म्हणजे हाउकार्ल. ग्रीनलंड शार्कचे ताजे मांस विषारी असते. ते काही आठवडे खडीत दाबून, त्यातले पाणी निथळू देऊन, मग काही महिने वाऱ्यावर टांगले की खाण्याजोगे होते, पण अमोनियाचा उग्र दर्प राहतोच. पुष्कळ फेऱ्यांत हा पदार्थ धाडसाची परीक्षा म्हणून पुढे केला जातो. पाहुणे तोंडे वेडीवाकडी करतात आणि छायाचित्रे काढली जातात. मला हा प्रकार अन्यायाचा वाटतो. शार्क हे आइसलँडच्या लोकांचे रोजचे अन्न नाही. तो प्रामुख्याने जानेवारीच्या उत्तरार्धात सुरू होणाऱ्या, जुन्या आइसलँडी पंचांगातल्या थोरी महिन्यातल्या मेजवानीचा भाग आहे. या जुन्या पदार्थांना शहरात पुन्हा प्रतिष्ठा मिळाली, तीही 1958 मध्ये नाउस्तिद नावाच्या रेक्याविकमधल्या उपाहारगृहाने लाकडी परातींतून ते मांडायला सुरुवात केल्यावर. तरीही तुकडा समोर आलाच, तर तो लहान घ्यावा, हुंगत बसू नये आणि नीट चावावा. चव वासाइतकी वाईट नसते. सोबत ब्रेन्निविन ही विलायती जिऱ्याच्या स्वादाची दारू देतात. ती न घेणाऱ्यांनी कॉफीबरोबर क्लेइनुर मागावे. पिठाच्या चौकोनी पट्टीला मधोमध चीर देऊन, एक टोक त्यातून ओढून घेऊन ते तळतात. पहिल्याच घासाला त्यातून वेलचीचा ओळखीचा वास येतो आणि नाकातला अमोनिया मागे हटतो.