चुकलेली वजाबाकी आधी वाचा

(तालुका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषण, थोडे संपादित करून)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘गणिताच्या अध्ययन निष्पत्ती आणि शिक्षकाचं पाठबळ’. म्हणजे कुठल्या इयत्तेत पोराला काय यायला हवं, आणि त्यासाठी शिक्षकाला कसली मदत हवी. त्याकडे येतोच. पण आधी एक वजाबाकी करू. ५० वजा २७. मागून कुणीतरी तेवीस म्हणालं, शाबास. मी ज्या मुलीबद्दल सांगणार आहे, तिचं उत्तर होतं ३७.

तेव्हा मी केंद्रप्रमुख होतो, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटाचा (त्यालाच केंद्र म्हणतात) पर्यवेक्षक. शाळाभेटीला गेलो की रजिस्टरं उघडण्याआधी पोरांच्या रांगेत शेवटी मांडी घालून बसायची माझी सवय. ही तिसरीतली मुलगी शेजारी बसलेली, पाटीवर ५०, त्याखाली २७, आणि त्याखाली ठळक अक्षरात ३७. म्हटलं, “कसं केलंस गं?” तिनं न अडखळता सांगितलं, “सातातून शून्य गेलं, सात. पाचातून दोन गेले, तीन.” मग मी तिची वही मागितली. ५२ वजा २७, उत्तर ३५. ६१ वजा ३४, उत्तर ३३. पानभर फुल्या होत्या, आणि पानभर एकच नियम होता: मोठ्या अंकातून लहान काढायचा, मग तो वर असो की खाली. एवढ्या शिस्तीनं चुकणारं पोर ढ नसतं, मंडळी. तिनं नियम केला होता आणि तो इमानानं पाळत होती.

त्या गावचा बाजार बुधवारी. तिची आई भाजी घेऊन बसायची आणि शाळा सुटली की ही शेजारी. मी मुद्दाम तिच्याकडे गेलो. मेथीची जुडी पंधराची, कोथिंबीर बाराची. पन्नासची नोट दिली. आईकडे बघितलंसुद्धा नाही तिनं. तीन रुपयांची नाणी माझ्या हातावर ठेवली, म्हणाली “तीस”. मग दहाच्या दोन नोटा, “चाळीस, पन्नास”. झाला हिशेब! पाटीवरचीच वजाबाकी, तेच आकडे.

आता सांगा, हिला वजाबाकी येते की येत नाही? बघा, हात दोन्हीकडचे वर आले. हे फक्त आपल्याकडचं नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांची अशीच परीक्षा घेतली, २०२५ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात तो अभ्यास आलाय. बाजारातली मुलं गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी करतात आणि कागदावरच्या साध्या भागाकाराला अडतात. शाळेतली मुलं बरोबर उलटी: कागदावर जमतं, व्यवहारात गडबडतात. दोन्ही गणितं मुलांच्या डोक्यात वेगवेगळ्या खोल्यांत राहतात आणि मधलं दार उघडून द्यायला कुणी नसतं.

परत आमच्या मुलीकडे. त्याच वर्गाची तपासणी आधी एका साहेबांनी केली होती. शेरा होता, ‘वजाबाकीचा सराव वाढवावा.’ आजही तो शेरा आठवला की मला राग येतो. अहो, कशाचा सराव? तिला आणखी शंभर उदाहरणं घातली असती, तर तोच चुकीचा नियम शंभर वेळा घोटला गेला असता! वही उघडून दोन मिनिटं वाचली असती तर कळलं असतं. आणि बाईंना तो शेरा वाचून काय करायचं होतं? शाळा द्विशिक्षकी. पहिली आणि तिसरी एकाच खोलीत. त्यात बीएलओचं, म्हणजे मतदार याद्यांचं काम, पोषण आहाराच्या नोंदी, माहिती ऑनलाइन भरणं. इथं बसलेल्या गुरुजींना आणि बाईंना हे मी वेगळं सांगायला नको.

कपाटात गणित पेटी होती, दांडे वगैरे मोजायच्या साहित्याची. कुलूपबंद. कारण पेटी डेड स्टॉकला, म्हणजे शाळेच्या कायम मालमत्तेच्या वहीत नोंदलेली, एक दांडा हरवला तर वसुली कुणाकडून? पेटी आपण जाळू, पण हरवू देणार नाही, असा आपला कारभार आहे. (हशा) त्या दिवशी ती उघडली. मुलीसमोर दशकाचे, म्हणजे दहा-दहाचे, पाच दांडे ठेवले आणि बाई म्हणाल्या, “यातले सत्तावीस मला दे.” तिनं दोन दांडे दिले. मग थांबली. सुटा एकही नाही. बराच वेळ दांड्यांकडे बघत बसली आणि म्हणाली, “एक बदलून द्या ना, सुट्टे.” बाजारात जे रोज करते तेच तिनं मागितलं. बाईंनी लगेच पाटी घेतली आणि पाचाच्या जागी चार, शून्याच्या जागी दहा, हे तिच्याच हातानं लिहून घेतलं. पुढे ते पक्कं व्हायला बरेच आठवडे गेले.

जाता जाता एक सांगतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन आलं, आठवतंय ना? विधिमंडळात चर्चा झाली, वाहिन्यांवर टिंगल झाली. डॉ. मंगला नारळीकर त्या गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या. पंचवीस ऐकून ५२ लिहिणारं पोर तुम्ही आम्ही सगळ्यांनी पाहिलंय, त्यांचं म्हणणं तिथूनच होतं. बाजू कुठलीही घ्या, पण त्या सगळ्या गदारोळात वर्गातल्या बाईंना काय मदत लागेल हे कुणी विचारलं नाही.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. बरं, आता मूळ विषय भराभर.

अध्ययन निष्पत्ती हव्यातच. २०१७ मध्ये त्या शिक्षण हक्क कायद्याच्या केंद्रीय नियमांत आल्या, तेव्हा मला आनंद झाला होता. २०२१ च्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या अभियानानं तर इयत्तेनुसार लिहून दिलं: दुसरीच्या अखेरीला ९९ पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी. भिंतीवर तक्ता लागला. पण कुठं पोचायचं ते तक्ता सांगतो. पोर कुठं अडलंय ते वहीच सांगते. ‘असर’ ही मुलांच्या वाचन-गणिताची देशभरातली पाहणी, तिच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या ३३.७ टक्के मुलांना वजाबाकी आली, म्हणजे तिघांत एकाला. उरलेली दोघं एकाच कारणानं अडलेली नाहीत.

३०४ वजा १२८ घ्या. एकाचं उत्तर २२४, हा आमच्या मुलीचाच नियम. दुसऱ्याचं १८६: त्यानं शतक सुटं केलं, दशकाच्या घरात दहा आले, त्यातला एक एककाला दिला, पण दहाचे नऊ करायला विसरला. तिसऱ्याचं १०६: ‘शून्यातून काय जाणार’ म्हणून शून्य लिहिलं आणि उसनं थेट शतकाकडून आणलं. तिघांना फुली एकच, उपाय तीन.

हे ओळखायला शिक्षकाच्या शेजारी बसणारं माणूस लागतं. राज्य, जिल्हा, तालुका, केंद्र असं उतरत येणारं प्रशिक्षण खाली पोचेपर्यंत पीपीटी उरते, वही गळून जाते. केंद्रप्रमुखाचं पद खरं तर याचसाठी आहे. राज्यात ४,८६० केंद्रं आहेत. २०२३ मध्ये केंद्रप्रमुखांच्या २,३८४ जागांसाठी परीक्षेची जाहिरात निघाली, यावरून किती खुर्च्या रिकाम्या असतील ते समजा. आणि जो खुर्चीवर आहे तो दिवसभर माहिती गोळा करून वर पाठवतो. माझी मागणी एवढीच: त्याचे आठवड्यातले तीन दिवस वर्गाचे, आणि त्या दिवशी त्याच्याकडे माहितीचा एकही तक्ता मागायचा नाही. गणित पेटी डेड स्टॉकमधून काढून खडूसारखी वापरायच्या साहित्यात नोंदवा. आणि केंद्रातल्या शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत परिपत्रकांच्या वाचनाआधी एक तास चुकलेल्या उदाहरणांना द्या.

वेळ संपली, पण एक काम देऊन जातो. पुढच्या परिषदेला येताना प्रत्येकानं वजाबाकीच्या तीन चुकलेल्या वह्या आणा. लाल शाईनं दुरुस्त करू नका, खाडाखोड तशीच राहू द्या. प्रश्न असतील त्यांनी या, मी बाहेर व्हरांड्यात आहे.