वखारीच्या आतल्या बायका

निपाणी म्हटलं की लोकांना दोन गोष्टी लगेच आठवतात, सीमाप्रश्न आणि तंबाखू आंदोलन. 1 नोव्हेंबर 1956ला निपाणीसकट बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, त्याचं दुःख इथल्या मराठी घरात आजही आहे. आणि 1981मध्ये शरद जोशींच्या मागं हजारो शेतकरी पुणे-बेंगलोर हायवेवर ठाण मांडून बसले, तंबाखूला भाव मागत, 6 एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि 12 शेतकरी गेले. त्यांना विसरायचं नाहीच.

पण तोच तंबाखू शेतातून निघून कुठं जायचा? वखारीत. तिथं तो चाळायला बसायच्या बायका, ज्यांच्या नावावर एक गुंठा जमीन नाही अशा घरातल्या, नवऱ्यानं टाकलेल्या, काही देवाला सोडलेल्या. धूळ एवढी की नव्या बाईला चक्कर यायची, उलट्या व्हायच्या, तरी तोंडाला पदर बांधून दिवसभर काम. मालकाचा मुकादम वाटेल तसं बोलणार, अंगचटीला येणार, आणि बोलायची सोय नाही, कारण उद्याचं काम त्याच्याच हातात.

घरी बिडी वळणाऱ्या बायकांचं तरी काय वेगळं? पानं भिजवायची, पत्र्याचा फरमा ठेवून कात्रीनं कापायची, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. अशा हजार वळल्या की मजुरी. त्यातल्या मूठभर ठेकेदार बाजूला काढायचा, "ह्या छाट", म्हणजे त्याचे पैसे नाहीत, पण त्या छाट बिड्या परत बाईला मिळायच्या का? नाही हो, त्या पण त्याच्याकडंच! ही उघड लूट आहे, दुसरा शब्द नाही.

ह्या बायका 1980च्या आसपास युनियनमध्ये आल्या, सुभाष जोशींसारख्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन बैठका घेतल्या. पण खरं धाडस त्या बायकांचं, घरात नवऱ्याचा आणि वखारीत मालकाचा मार खायची तयारी ठेवून त्या मोर्च्यात उतरल्या, मराठीवाल्या पण आणि कन्नडवाल्या पण. मजुरीसाठी भांडताना कुणी कुणाची भाषा विचारली नाही.

ह्या मातीत हक्कासाठी उभं राहणं नवीन नव्हतं. एप्रिल 1925मध्ये निपाणीतच दलितांची मुंबई इलाका प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली होती, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं आले होते.

आता देवाला सोडलेल्या बायकांचं बोलूया, कारण त्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या नावानं पोरीच्या गळ्यात लाल-पांढरे मणी बांधायचे. पोरीच्या डोक्यात जट आली की देवीनं बोलावलं म्हणायचं, आता केसांना तेल-पाणी नाही, फणी नाही, तर गुंता होणारच की! आणि सोडल्या जायच्या त्या बहुतेक दलितांच्याच पोरी, पाटलाची पोरगी कधी जोगतीण झालेली ऐकलीय का तुम्ही? मुंबई इलाख्यात 1934ला ह्याविरुद्ध कायदा झाला, कर्नाटकानं 1982ला केला, तरी चोरून मणी बांधणं चालूच राहिलं.

मग ह्याच बायकांनी स्वतः उभं राहायचं ठरवलं. 1997ला बेळगाव जिल्ह्यात देवदासी बायकांची स्वतःची संस्था सुरू झाली, मास नावानं ओळखतात. तिचं काम पुढं नेणाऱ्या सीतव्वा जोडट्टी स्वतः लहानपणी देवाला सोडलेल्या, त्यांना 2018ला पद्मश्री मिळाली. बचत गट, पोरींची शाळा, कुठं मणी बांधायचं ठरलंय कळलं की तिथं जाऊन अडवणं, अशी कामं ह्या बायकांनी केली, त्यांना गावातनं शिव्याही बसल्या.

सरकारनं 1993-94ला आणि परत 2007-08ला देवदासींचा सर्व्हे केला, यादीत नाव असेल तर पेन्शन. ज्यांचं नाव राहून गेलं, त्या गळ्यात मणी असून कागदावर देवदासी नाहीत. ती यादी परत उघडा, वयाची अट न घालता नावं घ्या, ही त्यांची मागणी होती आणि ती पुरी झालीच पाहिजे.