हॉर्नबीने दुकानदारांना वगळलं, आणि मग?

(हातात मॉडेल इंजिन, शेजारी छोटा पांढरा फळा)

नमस्कार मंडळी! पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे इंजिन ओळखीचं वाटेल. आज गाड्यांबद्दल कमी बोलू, त्या विकायच्या कशा याबद्दल जास्त.

ऑक्टोबर २०२२. ब्रिटनची हॉर्नबी ही मॉडेल रेल्वे बनवणारी जुनीजाणती कंपनी नवा आकार बाजारात आणते: टीटी १२०. खऱ्या गाडीच्या एकशेविसाव्या हिश्शाएवढं मॉडेल, दोन रुळांमधलं अंतर १२ मिलिमीटर. तिथे जास्त चालतो तो ओओ, १६.५ मिलिमीटरचा. त्याला खोली लागते, याला टेबल पुरतं. कल्पना छान. पण घ्यायचं कुठून? फक्त हॉर्नबीच्या वेबसाइटवरून. ज्यांनी वर्षानुवर्षं यांच्या लाल खोक्यांनी दुकानं भरली, ते डीलर बाहेर!

का? हिशेब करू. (फळ्यावर) आकडे समजण्यापुरते धरलेत. इंजिनाची किंमत १८० पौंड. त्यात २० टक्के व्हॅट, म्हणजे ३० पौंड सरकारचे. उरले १५०. डीलरला ३० टक्के मार्जिन दिलं तर त्याचे ४५, कंपनीच्या हातात १०५. थेट विकलं तर सगळे १५० आपले. एका इंजिनामागे ४५ पौंड! कुणाच्याही तोंडाला पाणी सुटेल.

दुसरं कारण भावाचं. आपल्याकडे खोक्यावर एमआरपी छापलेली असते, त्याच्या वर जाता येत नाही. तिकडे कंपनी भाव फक्त सुचवते. डीलर दहा-पंधरा टक्के सूट देऊन मोकळा होतो, आणि कंपनीच्या वेबसाइटवरचा पूर्ण भाव महागडा दिसतो. ‘याच्या खाली विकू नकोस’ असं डीलरला बजावणं तिथे बेकायदा आहे. गिटारवाल्या फेंडरला याच कारणासाठी २०२० मध्ये ४५ लाख पौंड दंड झाला. भाव बांधता येत नाही, पण माल कुणाला किती द्यायचा हे मात्र कंपनीच्या हातात असतं. हॉर्नबीने त्याच सुमारास दुकानांची वर्गवारी केली. वरच्या वर्गाला माल आधी, खालच्यांना उरलंसुरलं. सगळं कायद्यात बसवून. पण ज्याच्या नोंदवलेल्या ऑर्डरी आयत्या वेळी कापल्या गेल्या, तो पुढच्या वेळी तुमचं मॉडेल गिऱ्हाइकाला कशाला सुचवेल?

आता ते ४५ पौंड. डीलर त्यात काय करतो ते बघा. (खोकं उघडून) इंजिन बाहेर काढतो, काउंटरवरच्या दोन-तीन फुटी रुळावर पुढे-मागे पळवून दाखवतो. ही बारकी पिशवी आहे ना? यात पायऱ्या, पाइप, डबे जोडायचे म्हणजे कपलिंगचे हुक. नवशिक्याला हे कुठे बसतं ते कळत नाही. डीलर चिमट्याने बसवून देतो. इंजिन डिजिटल पद्धतीने चालवायची चिप हवी असेल तर तीही घालून देतो. थेट विकायचं ठरवलंत की ही सगळी कामं तुमच्या अंगावर. शिवाय कुरियर, गोडाऊन, फोनवर तक्रारी ऐकणारी माणसं. ब्रिटनमध्ये ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत परत करता येते. हुक लावलेलं इंजिन परत आलं तर ते नवीन म्हणून कोण घेणार?

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पैसा. साचे आधी बनवायचे, माल चीनमध्ये एकाच खेपेत काढायचा. डीलर वीस खोकी एकदम उचलतो, म्हणजे न विकल्या जाणाऱ्या मालाची जोखीम त्याची. थेट विक्रीत ती तुमच्या गोडाऊनमध्ये धूळ खात बसते.

टीटी १२० ची दारं हॉर्नबीने पुढे दुकानांसाठी उघडली. मला त्यात नवल वाटलं नाही. नवा आकार म्हणजे नवे रूळ, नवे डबे, सगळंच नव्याने घ्यायचं. एवढा खर्च माणूस हातात घेऊन बघितल्याशिवाय करत नाही.

उलटंही घडतं बरं का. हॅटन्स हे १९४६ मध्ये लिव्हरपूलला सुरू झालेलं मॉडेल रेल्वेचं दुकान. त्यांनी स्वतःच्या नावाची मॉडेलं बाजारात आणली. डीलरच कारखानदार! जानेवारी २०२४ मध्ये त्यांनीही दुकान गुंडाळत असल्याचं जाहीर केलं.

‘पण गेम्स वर्कशॉप?’ असं विचारणारे येतीलच. नॉटिंगहॅमची ही कंपनी चिमुकले सैनिक स्वतःच्या कारखान्यात बनवते, स्वतःच्या पाचशेहून जास्त दुकानांत विकते. तरीही त्यांचा अर्ध्याहून जास्त धंदा दुसऱ्यांच्या दुकानांतून होतो!

माझं विचाराल तर मर्यादित संख्येचं, महागडं इंजिन खुशाल थेट विका. त्याचं गिऱ्हाईक जाणकार असतं, ते खोकं उघडायच्या आधीच सगळं वाचून बसलेलं असतं. रूळ, डबे आणि मुलांचे स्टार्टर सेट मात्र दुकानातच ठेवा. आणि एक कराच: वेबसाइटवर सेल लावायच्या आधी डीलरला कळवा. त्याने तोच माल गेल्या आठवड्यात पैसे मोजून उचललेला असतो.